भोंग्याने सूर बदलला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. तोंड पसरलेला, पोचे पडलेला, वाल्मिकच्या रिक्षाच्या टपावर बसून गावोगाव ओरडणारा. पण आवाज अजून खणखणीत आहे, हे आधीच सांगून ठेवतो!

नगरच्या एका दुकानातून वाल्मिकने मला आणले. लग्नात वाजलो, जत्रेत वाजलो, निवडणुकीत तर घसा बसेपर्यंत वाजलो. भोंगा असावा तर वाल्मिकचा, असे लोक म्हणत. मग घरोघर मोबाईल आले आणि माझी रवानगी शेळ्यांच्या गोठ्यात झाली. एका शेळीने माझ्यात तोंड घालून पाहिले. तिलाही मी आवडलो नाही.

मला बाहेर काढले ते वाल्मिकच्या पुतणीने, यामिनीने. ती जाहिराती बोलते, मोबाईलवर भरून घेते आणि मी त्या वाजवतो. तिच्या संगतीत मला एक गोष्ट कळली. माणसाच्या कानात सूर आधी शिरतो, शब्द मागून येतात. ढोलकीचा उडता ठेका आणि "खुशखबर, खुशखबर" ऐकू आले की बाया समजतात, साड्यांचा सेल लागला. ठेका नसेल आणि आवाज संथ असेल, तर गेलेल्याचे नाव कळायच्या आतच म्हातारे टोपी काढतात. हे नियम कोणी शिकवलेले नाहीत, तरी सगळ्यांना पाठ आहेत.

गेल्या हंगामात शिंगणापूरच्या अलीकडे ऊसतोड चालली होती. शेताच्या कडेला तिसगावकडून आलेल्या मजुरांच्या कोप्या होत्या. पाचटाच्या त्या कोपीला दार कुठले, पोत्याचा पडदा! मोठी माणसे ऊस तोडत होती आणि पोरे कोप्यांपुढे खेळत होती. अशात कोणाला तरी त्या उसात बिबट्या दिसला. सरपंचांनी वाल्मिकला पिटाळले. यामिनीने घाईघाईने इशारा बोलून भरला आणि हाताच्या सवयीने मागे तोच सेलचा ठेका लावला!

मी जीव तोडून ओरडलो, "सावधान! उसात बिबट्या आहे!" पण ठेका पुढे आणि बिबट्या मागे. तोडणाऱ्यांपैकी कोणी मान वर केली नाही. पोरे तर खूश! ठेक्यावर नाचत, फेर धरत ती उसाच्या कडेपर्यंत गेली. आणि तिथला ऊस वारा नसताना हलत होता. मित्रांनो, माझा पत्रा उन्हात गार पडला.

यामिनीने रिक्षातून ते पाहिले. तिने झटकन ठेका बंद केला, माईक हातात घेतला आणि क्षणभर काहीच बोलली नाही. मग अगदी संथ आवाजात तिने सुरुवात केली.

"समस्त ग्रामस्थांना कळविण्यात येते की..."

कोयते थांबले. कडूबाई नावाची आजी कंबर सरळ करून उभी राहिली. तिची नात त्याच पोरांत नाचत होती.

"कोप्यांम्होरच्या उसात बिबट्या हाय. पोरं आधी उचला," यामिनीने पुढे सांगितले.

मग काय सांगू! कडूबाई कोयता परजत धावली, तिच्यामागे सगळी टोळी आरडत सुटली. जे पोर हाती लागले ते कडेवर घेतले. पोरे उचलली न उचलली, तोच बिबट्या सळकन उसाबाहेर आला आणि त्यांच्या फेराच्या जागेवरून उडी घेत ओढ्यात उतरला. कोणाला साधे खरचटलेही नाही! मला आनंदाने पुन्हा ओरडावेसे वाटत होते.

कडूबाई नातीला घेऊन रिक्षाजवळ आली. तिला धाप लागली होती.

"पोरी, गानं वाजत हुतं तवर आमाला साड्याच दिसत हुत्या. तू गप झालीस, तवा काळीज हललं."

यामिनी रडू लागली. त्या दिवसापासून ती इशारा बोलते तेव्हा ठेका लावत नाही.

यंदा कडूबाई पुन्हा तोडीला आली आहे. ढोलकी वाजली की तिची नात सगळ्यांच्या आधी धावत येते आणि माझ्याकडे बघून टाळ्या पिटते. माझ्या तोंडून जे येईल ते खरेच, असे तिला वाटते. मित्रांनो, उद्या तुमच्या हाती माईक आला तर बोलण्याआधी त्या पोरीकडे एकदा बघा.