‘तपासलं’ अशी खूण

मी एक मोटारसायकल बोलतेय. आजवर माझ्या वतीने कागदच बोलत आला, आणि कागदावर माझी तब्येत नेहमी ठणठणीत असायची. म्हणून आज माझं मला सांगू द्या.

जन्माचं फारसं सांगण्यासारखं काही नाही. कारखान्यात एका सरकत्या पट्ट्यावर माझ्यासारख्या शेकडो जणी रोज तयार होतात. पण माझं मागचं चाक बसवणारी बाई मला आठवते. तिने चाकाचा नट पान्याने आवळला, निघू नये म्हणून त्यात पिन घातली, पिनेची टोकं वाकवली आणि वर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला. मी स्वतः आवळलंय, असा त्या ठिपक्याचा अर्थ. तिला पुन्हा कधी मी दिसणार नव्हते. तरी तिने आवळलं.

तिथून मी शोरूमच्या काचेआड येऊन उभी राहिले. तीन आठवड्यांनी एक जोडपं आत आलं. ती परिचारिका होती. घरोघरी जाऊन जखमा बांधायची, इंजेक्शनं द्यायची. सगळे तिला सिस्टर म्हणायचे. तो घड्याळं दुरुस्त करायचा. काउंटरवरचा टायवाला तिला ओलांडून थेट त्याच्याकडे वळला.

“साहेब, कुठलं मॉडेल दाखवू?”

“मला काय विचारता?” घड्याळवाला म्हणाला. “मी मागे बसणारा माणूस.”

टायवाला कसनुसा हसला. “मग मॅडमसाठी स्कूटर बरी पडेल.”

“मॅडमला टेकडीवरच्या वस्तीत जायचंय, खड्ड्यांतून,” सिस्टर म्हणाली. “आणि मॅडम वडिलांच्या मोटारसायकलवर शिकल्यात. हीच द्या.”

ही बाई आपल्याला नीट वागवणार, हे मी तेव्हाच ओळखलं. आणि तिने वागवलंही. रोज सकाळी ती नवऱ्याला दुकानात सोडायची आणि पुढे आपल्या पेशंटांकडे जायची. संध्याकाळी परत त्याला घ्यायची. मागे बसून तो तिची औषधांची पिशवी मांडीवर धरायचा आणि दिवसभराचं सांगायचा. कुणाचं घड्याळ पाण्यात पडलं, कुणी सासऱ्याचं पन्नास वर्षांपूर्वीचं घड्याळ आणून ‘चालतं करा, पण त्यांना सांगू नका’ म्हणालं. ती हसली की माझं हँडल जरासं हलायचं.

त्याचा उजवा हात मी जवळून पाहिलाय. तिळाएवढा स्क्रू तो चिमट्यात असा धरायचा, जणू श्वास लागला तरी पडेल. रविवारी तो मला पुसायचा आणि पुसता पुसता इंजिनाला कान लावायचा.

“काय ऐकताय?” ती विचारायची.

“तुझी सवत काय म्हणते ते.”

असे सहा महिने गेले. मग माझी सर्व्हिसिंग सुरू झाली.

पहिल्या वेळी सिस्टरने स्पष्ट सांगितलं होतं की पुढचा ब्रेक दाबला की किंचाळतो. टायवाल्याने ते लिहून घेतलं. आत वर्कशॉपमध्ये मला एका मिस्त्रीच्या ताब्यात दिलं. त्याला सगळे झटपट म्हणत. खरं नाव कुणी उच्चारलेलं मी कधी ऐकलं नाही. माणूस वाईट नव्हता. हातात कला होती, पण हाताला वेळ नव्हता. एका दिवसात बारा गाड्या, आणि प्रत्येक गाडीमागे वीस चौकोनांचा एक कागद. झटपटने ब्रेकला हातही लावला नाही. मला धुतलं, पॉलिश मारलं, टायर काळे कुळकुळीत केले. मग त्याने कागद घेतला आणि वीसच्या वीस चौकोनांत ‘तपासलं’ अशा खुणा एका दमात ओढल्या. पेन उचललंसुद्धा नाही.

दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला. किंचाळत गेले, चकचकीत होऊन किंचाळत परत आले.

दुसऱ्या वेळी ऑइल बदलताना झटपटने खालचा बोल्ट तिरका बसवला आणि जोर लावला. माझे आटे गेले. ते त्याला कळलं, कारण तो क्षणभर थांबला. मग इकडेतिकडे बघून त्याने तिथे कसलीशी चिकट पेस्ट थापली. त्या दिवसापासून माझ्या पोटाखालून थेंब थेंब तेल गळायला लागलं. इमारतीच्या खालच्या फरशीवर डाग पडला आणि तळमजल्यावरच्या काकू सिस्टरला बोलल्या. सिस्टर मला घेऊन शोरूमला गेली.

टायवाल्याने खाली वाकूनही पाहिलं नाही. “थोडा घाम येतो मॅडम इंजिनाला. नॉर्मल आहे.”

“घाम?” सिस्टर म्हणाली. “माझ्या पेशंटला असा घाम आला तर मी डॉक्टरांना फोन करते.”

“आणि एक लक्षात ठेवा, बाहेर कुठे हात लावलात तर वॉरंटी जाईल.”

म्हणजे मारणारे हेच, आणि दुसऱ्या वैद्याकडे जायची बंदीही यांचीच. घड्याळवाला घरी म्हणाला, “मी बघतो खोलून.” तिने त्याला अडवलं. “नको, उगाच त्यांना निमित्त मिळेल.” तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नियमाने चालणारी बाई ती. समोरचाही नियमाने चालत असेल, हे तिने गृहीत धरलं, एवढंच.

तिसऱ्या वेळचं मात्र सविस्तर सांगते.

माझी चेन सैल झाली होती. ती ओढायची तर मागच्या चाकाचा नट सैल करावा लागतो, चाक मागे सरकवून दोन्ही बाजूंनी सारखं करावं लागतं, आणि मग नट पुन्हा पान्याने आवळून पिन घालावी लागते. झटपटने पिन उपसली. ती वाकडी झाली म्हणून फेकून दिली. पाना लावला, पिवळा ठिपका खरवडला गेला. चेन त्याने छान ओढली, खोटं कशाला बोलू? मग नट बोटांनी फिरवून जागेवर आणला आणि पान्याकडे हात नेला.

तेवढ्यात हाक आली, “अरे झटपट, ती नवीन डिलिव्हरीची गाडी अडली आहे, गिऱ्हाईक ओरडतंय. ये लवकर!”

तो उठून गेला. दोन मिनिटांत धुणारा आला आणि मला ढकलत पाण्याखाली घेऊन गेला. झटपट परतला तेव्हा माझ्या जागी दुसरी गाडी उभी होती. टेबलावर माझा कागद तेवढा राहिला होता. त्याने पेन घेतलं.

घरी जातानाच सिस्टरला जाणवलं. “अहो, मागून डुलतेय का हो?”

“डुलतेय. आणि टक् असा आवाजही येतोय. थांबत थांबत.”

घरी पोचल्यावर माझ्यापाशी उभं राहूनच तिने फोन लावला. टायवाल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. “चेन टाइट केलीय ना मॅडम, दोन दिवस तसं वाटतं. आपोआप सेट होईल.”

“एकदा बघून देता का?”

“सगळं तपासलेलं आहे. माझ्यासमोर कागद आहे ना!”

मी जीव तोडून डुलत होते. याहून मोठ्याने मला बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर त्याला दुकानातून घेऊन एका पेशंटकडे निघाली होती. म्हाताऱ्या पेशंटचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं, तेही बघून होईल म्हणून. शाळेच्या भिंतीशी उताराचं वळण आहे. वेग काही नव्हता, चालत्या माणसाला गप्पा मारता येतील एवढाच. तिथे नट निघाला. चाक तिरकं झालं, चेन उतरून अडकली आणि माझं मागचं चाक जागच्या जागी थिजलं.

सिस्टर पुढे फेकली गेली, गुडघे खरचटले. तो एका बाजूला पडला आणि सावरण्यासाठी त्याने उजवा हात फुटपाथच्या दगडी कडेवर टेकला.

त्या हातावर मी पडले.

हे मला कुणी विचारत नाही, पण मीच सांगते. दगड खाली होता, वर मी होते. माझं सगळं वजन. सिस्टरने मला एकटीने उचललं. एरवी तिला ते जमत नसे. तिची पिशवी रस्त्यावर सांडली होती; त्यातलीच पट्टी घेऊन तिने त्याचा हात बांधला.

अंगठा वाचला. पहिली दोन बोटं गेली.

मला पुन्हा त्याच शोरूमच्या मागच्या आवारात आणून टाकलं. आठ दिवसांनी सिस्टर आली. टायवाल्याने आधी हळहळ व्यक्त केली आणि मग विचारलं, “गाडी वेगात होती का हो? म्हणजे… तुम्हीच चालवत होतात ना?”

ती त्याला ओलांडून निघाली. सरळ मॅनेजरच्या खोलीत गेली आणि म्हणाली, “ज्यांनी काम केलं त्यांना बोलवा. इथे नको, गाडीपाशी.”

झटपट आला. हात पुसत होता, पण हात कोरडेच होते. मॅनेजरने कागद पुढे धरला. मागचं चाक, नट, पिन, समोर खूण.

“ही खूण तुमची?” सिस्टरने विचारलं.

“हो.”

“नट आवळला होतात?”

तो म्हणाला, “हाताने फिरवला होता, ताई. पान्याने आवळायचा राहिला. हाक आली, गेलो. आलो तर गाडी धुवायला नेलेली.”

“मग खूण का केलीत?”

“कागद भरल्याशिवाय गाडी बाहेर सुटत नाही.”

“मी इंजेक्शन न देता ‘दिलं’ असं लिहून निघून गेले तर?”

मॅनेजर घाईने म्हणाला, “बाई, इंजेक्शनची गोष्ट वेगळी. तू आत जा रे.” आणि झटपट गेल्यावर, “त्याचं तोंडी बोलणं मनावर घेऊ नका. तो घाबरलाय. लेखी काय आहे ते बघा. लेखी सगळं तपासलेलं आहे.”

“त्याने आत्ता तुमच्यासमोर कबूल केलं!”

“तुमच्या भावना समजतात. माणुसकी म्हणून आम्ही तुमची गाडी पूर्ण पॉलिश करून देऊ. अगदी शोरूममधून काढल्यासारखी.”

सिस्टर हसली. तिचं तसलं हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि पुन्हा कधी ऐकायची इच्छा नाही.

पुढच्या आठवड्यात ती झटपटकडून कबुली लिहून घ्यायला आली, तर तो तिथे नव्हता. काढून टाकलं म्हणे, ‘बेजबाबदारपणाबद्दल’. म्हणजे गेला कोण, तर एकटा खरं बोललेला. टायवाला काउंटरवरच होता. सिस्टरने कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, चार ओळींचं: ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे.’ त्याच्याखालीही एक चौकोन होता आणि चौकोनात खूण.

ती मला टेम्पोत घालून घरी घेऊन आली. बरेच महिने मी जिन्याखाली धूळ खात होते. सिस्टर पायी जायची. वस्तीवरच्या पेशंटांकडे एक दिवसाआड जाणं जमेना. घड्याळवाला दुकानात जायचा, पण आता फक्त पट्टे आणि सेल बदलायचा. आतलं काम घेऊन कुणी आलं की म्हणायचा, “दुसरीकडे बघा, माझी नजर गेलीय.” नजर उत्तम होती त्याची.

एके रविवारी तो माझ्यापाशी बसायचं स्टूल घेऊन आला. सोबत नवीन नट, पिन आणि लांब दांड्याचा पाना. त्याने डाव्या हाताने माझं मागचं चाक खोललं. चार रविवार लागले. पाना निसटायचा, तो शिवी द्यायचा, पुन्हा लावायचा. पिन उरलेल्या तीन बोटांत धरता धरता किती वेळा पडली त्याची गणती नाही. सिस्टर जिन्यावर बसून बघायची. दोनदा उठली आणि दोनदा पुन्हा खाली बसली.

चौथ्या रविवारी पिनेची टोकं वाकवून त्याने तिला हाक मारली. “इकडे ये. हलवून बघ.”

“तुम्ही केलंय ना, मग झालं.”

“नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. हात लावून बघ.”

तिने दोन्ही हातांनी चाक धरून जोर लावला. मी जराही हलले नाही.

वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणी पाना धरत असेल, कुणी पेन. माझं मागणं एवढंच आहे: हात लावला नसेल तर चौकोन कोरा सोडा. कोरा चौकोन बघून माणूस निदान विचारतो तरी.

आता सिस्टर मला पुन्हा चालवते. पहिल्याच सकाळी ती मला सुरू करून त्याला म्हणाली, “बसा.”

त्याने सीटवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाला, “तू हो पुढे. मी चालत येतो.”

तेव्हापासून रोज असंच चाललंय. तो फुटपाथवरून चालतो आणि ती मला पहिल्या गिअरमध्ये त्याच्या बाजूने दुकानापर्यंत चालवते. आमच्यामागे गाड्या तुंबतात, हॉर्न वाजवतात. ती लक्ष देत नाही. दोघं बोलत जातात. हॉर्नच्या आवाजात काय बोलतात ते मला धड ऐकू येत नाही.

माझी मागची सीट रिकामी असते. ‘बसा’ म्हणायचा हक्क मला राहिलेला नाही.