सारुकुरा घाटातलं डावं वळण

शिरायामा मोटर कंपनी बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण ओकिनो गावात 'कंपनी' म्हटलं की अजून तीच. गावाचं पोट आधी रेशमावर होतं. शिरायामांनी कोशातून धागा ओढायची यंत्रं बनवली. रेशमाचा धंदा बसला तेव्हा त्याच कारखान्यात तीनचाकी टेंपो जोडले. आणि टेंपो चालले म्हणून मग चिदोरी काढली. चिदोरी म्हणजे टिटवी. गोल दिव्यांची, बुटकी गाडी. चार माणसं आत बसली की कोणाचा गुडघा कोणाचा हे कळायचं नाही. पण त्या काळी डोंगरातल्या माणसाला परवडणारी तीच एक.

पुढे कंपनी बुडाली, कारखान्याच्या जागी मॉल आला, आणि मागे एक लहानसं संग्रहालय तेवढं उरलं. तिथे मित्सुए ओगुची काम करायची. साठी ओलांडलेली, मोजकं बोलणारी विधवा बाई. तिकिटं द्यायची, काचा पुसायची, शाळेची पोरं आली तर त्यांना गाडीच्या दाराला लोंबकळू द्यायची नाही, एवढं काम. तिचं माहेरचं आडनाव हानावा आहे, हे संग्रहालयात कोणाला ठाऊक नव्हतं, आणि तिनंही कधी सांगितलं नव्हतं.

दरवर्षी पानं लाल झाली की चिदोरीचे मालक लांबून लांबून आपापल्या गाड्या घेऊन संग्रहालयाच्या अंगणात जमत. त्या वर्षी नगरपालिकेनं मित्सुएच्या हातात रेकॉर्डर दिला. मालकांना गाडीबद्दल काय वाटतं ते त्यांच्याच तोंडून भरून घ्या, म्हणाले.

लोकांना बोलतं करावं लागलंच नाही. निळ्या धुरात उभे राहून सगळे आपल्या गाडीची निंदा अशी करत होते, जशी माणसं लाडक्या जावयाची करतात.

"हीटर लावला की पाय भाजतात आणि कान गोठतात," एक जण म्हणाला.

"आमच्या लग्नात हिनं मला चढावर खाली उतरवलं. नवरीला. किमोनो वर धरून गाडी ढकलली मी," शिगेनो कुराशिना म्हणाली. ती आणि तिचा नवरा घाटाच्या पायथ्याशी सोबा नूडल्सचं दुकान चालवत.

"अगं, ढकललीस म्हणून तर वर पोचलो," कुराशिना म्हातारा शांतपणे म्हणाला. मग मित्सुएकडे वळून त्यानं सहज सांगितलं, "एक खोड मात्र आहे हिची. सारुकुरा घाटात, धुकं असलं की, वरच्या मोठ्या वळणावर ही डावीकडे ओढते."

"रस्ताच कललेला असेल," मित्सुए म्हणाली.

"मग माझा ट्रक का नाही ओढत? रोज तिथूनच पीठ आणतो मी."

पलीकडे उभी असलेली एक बाई हे ऐकत होती. ती समुद्राकडच्या प्रांतातून आली होती, कुराशिनांना ओळखतही नव्हती. "तुमचीही ओढते?" ती म्हणाली. "मला वाटलं माझंच चाक बिघडलंय. ओढते म्हणजे कशी, की शेजारी बसलेल्यानं हात लांब करून स्टिअरिंग धरावं, तशी."

तिसरा एक जण हसत हसत म्हणाला की त्याच्या वडिलांच्या वेळेपासून ती तिथे ओढते. वडील त्या वळणावर गाडीला 'बरं बाई, बरं' म्हणायचे. कोणालाच त्यात भीतीसारखं काही वाटत नव्हतं. उलट तेवढ्यावरून तिघांची ओळख झाली, कुराशिनांनी डब्यातलं लोणचं काढलं आणि सगळे गवतावर बसले. मित्सुएनं रेकॉर्डर बंद केला.

तिचे वडील कान्जी हानावा कंपनीत चाचणी चालक होते. चिदोरी बाजारात येण्याआधी तिचा जो पहिला नमुना तयार झाला, तो घेऊन ते एका सकाळी सारुकुरा घाटात गेले आणि परत आले नाहीत. माणूसही नाही, गाडीही नाही. चाचणी विभागाचे प्रमुख तोकिदा, मालकांचे भाचे, यांनी सांगितलं की हानावा फाटकातून एकटाच गेला, मी डोळ्यांनी पाहिलं. आणि घाटापलीकडच्या पेट्रोल पंपावर तो शहराची वाट विचारत होता असंही कानावर आलंय. झालं. नमुना दुसऱ्या कंपनीला विकून हानावा पळाला, असं गावानं ठरवून टाकलं. त्यानंतर आठवडाभरात मोठं वादळ आलं, घाटात दरड कोसळली, आणि पलीकडे जाऊन शोध घ्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

मित्सुए तेव्हा चालायला शिकत होती. शाळेत तिला 'गाडीचोराची पोर' म्हणत. आई, किनु, गाव सोडायला तयार झाली नाही. "आपण गेलो तर त्यांचं खरं ठरेल," एवढंच म्हणायची. रोज संध्याकाळी ती नवऱ्याचं पान वाढायची; दूर गेलेल्या माणसासाठी वाढतात तसं. भाताच्या वाटीवर झाकण ठेवायचं, आणि थोड्या वेळानं उचलून बघायचं. झाकणाला आतून वाफेचे थेंब धरले असले तर माणूस सुखरूप. आई झाकण उचलून बघायची, काही न बोलता ठेवून द्यायची, आणि तो भात मित्सुएला वाढायची.

दवाखान्यात, अगदी शेवटी, मित्सुएनं विचारलं होतं, "आई, थेंब असायचे का गं?"

"भात तर चुलीवरून उतरलेला असायचा," आई म्हणाली होती. "कढत. पण झाकण कोरडं. ते गेले त्याच्या तिसऱ्या दिवसापासून कोरडं." मग थोडं थांबून, "पहिले दोन दिवस होते थेंब."

ते दोन दिवस मित्सुएच्या मनातून कधी गेले नाहीत. वडील कुठेतरी दोन दिवस जिवंत होते.

मेळावा झाल्यावर थोड्याच दिवसांत ती कुराशिनांच्या दुकानात गेली. सोबा खाल्ला, आणि ताट बाजूला सारून म्हणाली, "कुराशिनासान, धुकं पडेल तेव्हा मला त्या वळणावर न्याल?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे नीट बघितलं. "कोण होता तुमचा?" त्यानं विचारलं.

"वडील."

शिगेनो आत चहा ओतत होती, ती किटली ठेवून बाहेर आली. "अहो, उद्याच न्या यांना," ती म्हणाली. "दुकान मी बघते."

दुसऱ्या दिवशी दुपारी घाटात धुकं उतरलं. चिदोरी फटफटत, धूर सोडत वर चढत होती. मित्सुए डाव्या सीटवर बसली होती. उजवीकडे दरी होती, पण ती दिसत नव्हती. नुसता पांढरा पडदा. ऐन दुपारी कुराशिनानं दिवे लावले. मोठ्या वळणाशी आल्यावर त्यानं वेग अगदी माणसाच्या चालीवर आणला आणि म्हणाला, "आता बघा." आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले.

स्टिअरिंग क्षणभर तसंच राहिलं. मग ते फिरलं. झटक्यानं नाही. थरथरत, थोडं थांबत, जसं कोणी बोटांच्या टोकांनी लांबून ओढावं. मित्सुएला एकदम आपल्या मांडीवर वजन जाणवलं, कोणी तिच्यावरून वाकून हात लांब केला असावा तसं. गाडी डावीकडे वळली, रस्ता सोडून गवतात शिरली आणि कुराशिनानं ब्रेक दाबला.

"नेहमी मी इथे तिला सरळ करतो," तो म्हणाला. "कधी जाऊ दिलं नाही पुढे."

पुढे पूर्वीची लाकडं वाहायची वाट होती. वादळातल्या दरडीनंतर ती सोडून दिलेली, आणि तिच्यावर लावलेलं देवदारांचं रान याच उन्हाळ्यात तोडलेलं. दोघं खाली उतरून बुंध्यांमधून चालत गेले. वाट जिथे तुटली होती तिथे खाली घळ होती, आणि घळीत वेलींच्या ढिगाखाली काहीतरी गोल चमकत होतं. आधी मित्सुएला ते पाणी वाटलं. मग कळलं, तो दिव्याचा काचेचा डोळा होता.

पोलिसांनी गाडी दोन दिवसांनी वर काढली. नंबर नसलेली, बाजारात कधी न आलेली चिदोरी. डावं दार झाडाच्या खोडाला दाबून बंद झालेलं. डाव्या सीटवर, पाय चेपलेल्या पत्र्यात अडकलेला, एक माणूस होता. जे काही उरलं होतं ते. कंपनीचा बिल्ला, आणि त्यावर हानावांचं नाव.

उजवं दार सताड उघडं होतं. स्टिअरिंग त्या बाजूला. तिथे कोणी नव्हतं.

तरुण पोलीस अधिकाऱ्यानं टोपी काढून मित्सुएला हे सांगितलं. "गाडी दुसरं कोणीतरी चालवत होतं," तो म्हणाला. "पण आता खटला भरायची मुदत कधीच उलटून गेली. कायद्यानं काही करता येणार नाही."

तोकिदा अजून होते. चाचणी विभागातून ते संचालक झाले, मग सल्लागार, आणि आता नव्वदी पार करून डोंगराच्या कुशीतल्या वृद्धाश्रमात. चिदोरीचे जनक म्हणून संग्रहालयात त्यांचा फोटो होता, आणि मित्सुए तो रोज पुसायची.

ती भेटायला गेली तेव्हा ते खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसले होते. स्वच्छ दाढी केलेला, नीटनेटका म्हातारा. गाडी सापडल्याची बातमी त्यांना कळू द्यायची नाही असं घरच्यांनी ठरवलं होतं. परिचारिकेनं दारातच तिला तसं बजावलं.

मित्सुए वाकून नमस्कार करून म्हणाली, "मी मित्सुए. हानावा कान्जींची मुलगी."

बाहेर कोणीतरी पानं झाडत होतं.

"मी चालवत नव्हतो," तोकिदा म्हणाले.

तिनं अजून काही विचारलंच नव्हतं.

"स्टिअरिंग ओढायला नको होतं त्यानं. सरळ गेलो असतो तर दोघंही..." त्यांनी ओठ मिटले. मग अगदी हळू, शेजारच्याला ऐकू जाऊ नये असं, "तुम्हाला येत नाही ना ऐकू? हाक?"

"कोणाची?"

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं, ते पुन्हा वळवलं नाही. मित्सुएच्या मनात पुष्कळ होतं. आईची कोरडी झाकणं होती, ते दोन दिवस होते. पण त्या बारक्या, सुरकुतलेल्या मानेकडे बघून ती दाराकडे वळली.

दारापर्यंत सोडायला आलेली परिचारिका म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका. आजोबांचं असंच चालतं. दवाखान्यात नेताना आमच्या गाडीतली डावीकडची जागा रिकामी ठेवायला लावतात. कोणी बसायला लागलं तर ओरडतात. म्हणतात, तिथे माणूस आहे."

वडिलांच्या अस्थी तिनं आईशेजारी ठेवल्या. गावातली म्हातारी माणसं अंत्यविधीला आली, ज्यांनी कधीकाळी तिला चोराची पोर म्हटलं होतं तीही. कोणी माफी मागितली नाही, पण वाकलेली डोकी नेहमीपेक्षा जास्त वेळ खाली राहिली. 'पहिला नमुना चोरीस गेला' अशी संग्रहालयात पाटी होती. ती मित्सुएनं स्टुलावर चढून स्वतः काढली, आणि वडिलांच्या नावाची नवी पाटी स्क्रूनं घट्ट बसवली. कोणाची परवानगी घेतली नाही. कोणी विचारलंही नाही. कुराशिना म्हातारा म्हणाला की आता ते सुटले, आता गाडी ओढायची नाही. शिगेनोनं त्या वळणावर साकेचा, तांदळाच्या दारूचा, पेला ठेवला.

हिवाळ्यात, बर्फ सर्वांत जास्त होतं तेव्हा, तोकिदा गेले. झोपेतच गेले, असं पेपरात आलं.

बर्फ वितळून घाट उघडला, आणि कुराशिनानं त्या वर्षी पहिल्यांदा चिदोरी वर नेली. संध्याकाळी तो मित्सुएच्या दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.

"ओढली का?" तिनं विचारलं.

"ओढली," तो म्हणाला.

"म्हणजे ते अजून..."

"डावीकडे नाही, मित्सुएसान. उजवीकडे." तो म्हणाला. "डावीकडे ओढायची तेव्हा कशी हळू, सांभाळून ओढायची. हे तसं नव्हतं. दोन्ही हातांनी धरून ठेवलं मी, पाय ब्रेकवर उभा केला, तरी ती दरीकडे जात होती. पुढचं चाक कठड्याला टेकलं तेव्हा थांबली."

वृद्धाश्रमात तोकिदा काय बोलले ते मित्सुएनं त्याला तेव्हाच सांगितलं होतं. उजवी सीट कोणाची होती, हे दोघांनाही माहीत होतं. नाव मात्र कोणीच घेतलं नाही.

"शिगेनोला सांगू नका," तो म्हणाला.

समुद्राकडच्या त्या बाईला आणि बाकीच्यांना कुराशिनानं फोन केले. घाटाचा रस्ता खराब झालाय, बोगद्यानं या, असं सांगितलं. तेव्हापासून चिदोरीवाले बोगद्यानंच येतात. कुराशिनानं आपली गाडी संग्रहालयाला देऊन टाकली. तिच्या चारी चाकांना लाकडाच्या पाचरी लावून ठेवल्या आहेत, आणि लोक तिच्याजवळ उभे राहून फोटो काढतात. मित्सुए तिची धूळ पुसते. डावी सीट पुसताना ती कधीमधी तिथे टेकतेही, पाय दुखले तर. उजव्या बाजूचं दार तिनं कुलूप लावून घेतलं आहे.