एन्तिनच्या शेजारचा प्लॉट

फुकटच्या कॉफीसाठी आई त्या हॉटेलात गेली, असं अवनी चारचौघांत सांगते. साफ खोटं! कॉफी पाणचट होती आणि सँडविचला मधुवंतीबाईंनी हातसुद्धा लावला नाही. त्या गेल्या कारण नवऱ्याने, हेमचंद्रांनी, पेपरातली जाहिरात कापून फ्रिजवर लावली होती. 'इंडोनेशियात निसर्गाच्या कुशीत घर' वगैरे नेहमीचीच मखलाशी, पण खाली गावाचं नाव होतं. चिसालाम.

आता चिसालाम म्हणजे काय, ते सांगायलाच हवं. पश्चिम जावातलं एवढंसं खेडं. भातखाचरं, बांबूची बेटं, घरामागे माशांची तळी, एक मशीद आणि गावाबाहेर सूतगिरणी. ब्याण्णव साली हेमचंद्र त्या गिरणीत इंजिनिअर म्हणून लागले आणि लग्नाला वर्षही न झालेल्या मधुवंतीबाई पुण्याहून थेट तिथे जाऊन पडल्या. पहिले दोन महिने नुसत्या रडल्या. भाषा येईना, कढीपत्ता मिळेना, बोलायला माणूस नाही. मग एक दिवस कुंपणापलीकडून एका बाईने केळीच्या पानावर तळलेला मासा पुढे केला. बाईंनी घाबरून मान हलवली. ती मासा घेऊन गेली आणि थोड्या वेळाने त्याच पानावर तळलेलं सोयाबीन, त्यांचं ते तेम्पे, घेऊन हजर. ही एन्तिन. त्यानंतर सहा वर्षं ते कुंपण नावालाच उरलं.

एन्तिनची आई, एमा, गावची सुईण. अवनीच्या वेळी गिरणीची गाडी चिखलात रुतली आणि एमानेच बाळंतपण केलं. पुण्याहून आई येऊ शकली नाही, तर पुढे सव्वा महिना मालिश, शेकशेगडी, सगळं एमाने केलं. वर 'पोरीला नीट धरता येत नाही तुला' म्हणून शिव्याही दिल्या. माहेरपण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं हो? अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात जाकार्तात जाळपोळ सुरू झाली, कंपनीने एका सकाळी गाडी पाठवली आणि हे तिघं एकेका बॅगेनिशी निघाले. एन्तिन मोठ्या रस्त्यापर्यंत गाडीमागे धावत आली होती.

मग पुणं, आणि मग सिंगापूर. हेमचंद्र कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडच्या कारखान्यात जाणार, अवनी कॉलेजला, आणि बाई बिशान भागातल्या फ्लॅटमध्ये अकराव्या मजल्यावर एकट्या. फ्लॅट छान, लिफ्ट छान, एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं, स्टेशन हाकेच्या अंतरावर. पण सात वर्षांत समोरच्या दाराआड राहणाऱ्या बाईचं नाव कळलं नाही! एकदा त्यांनी दिवाळीच्या करंज्या नेऊन दिल्या, तर तिने डबा धुऊन दाराबाहेर ठेवून दिला. घंटीसुद्धा वाजवली नाही मेलीने.

त्यामुळे हेमचंद्रांनी रिटायरमेंटनंतर चिसालामला राहायचं काढलं, तेव्हा बाईंनी पहिल्यांदा नाक मुरडलं, दुसऱ्यांदा ऐकून घेतलं आणि तिसऱ्यांदा अट घातली.

"मला जमीनजुमला काही नको. मला एन्तिनचा शेजार हवा. ती तिथे असेल तर खुशाल सही करा. ती नसेल तर तुम्ही तुमच्या निसर्गाच्या कुशीत एकटे जाऊन बसा."

"असणारच ग! ती कुठे जातेय?" हेमचंद्र म्हणाले.

हॉटेलच्या हॉलमध्ये मधोमध टेबलावर थर्मोकोलचं गाव मांडलं होतं. हेमचंद्र तर लहान मुलासारखे हरखले. "मधू, हा बघ ओढा! आणि हा गिरणीचा रस्ता! इथे तू सायकलवरून पडली होतीस!" टाय लावलेला विक्रेता त्यांच्या बाजूला उभा राहून माहिती ओतत होता. इथल्या चांगी विमानतळावरून दोन तास, सर. शुक्रवारी ऑफिस सुटलं की निघा, रात्रीचं जेवण तिथे. प्लॉट नंबर चौदा शिल्लक आहे. परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही, पण वापरण्याचा हक्क तीस वर्षांचा.

"म्हणजे सातबारा नाहीच," बाई मराठीत पुटपुटल्या. "भाडंच की हे."

"तीस वर्षांनी आपण कुठे असणार आहोत?" हेमचंद्र म्हणाले आणि त्यांनी पेन काढलं.

बाईंचं लक्ष मात्र थर्मोकोलवर होतं. ओढ्याच्या वळणापाशी त्यांनी बोट ठेवलं. एन्तिनचं घर इथे, तळं इथे, एमाची पडवी इथे. त्यांच्या बोटाखाली निळा चकचकीत स्विमिंग पूल होता.

"इथली माणसं कुठे आहेत?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

विक्रेता हसला. "डोन्ट वरी, मॅडम. गाव पूर्ण हलवलंय. आजूबाजूला एकसुद्धा झोपडी दिसणार नाही."

आनंदाची बातमी द्यावी तसं सांगितलं त्याने! बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. नवऱ्याला "सही करायची नाही, मी आले" असं बजावून त्या तडक बाहेर पॅसेजमध्ये आल्या. अवनीने महिन्यापूर्वीच फेसबुकवर एन्तिनचा मुलगा शोधून नंबर आणून दिला होता, "कॉल हर लाह, मम्मी" म्हणून मागे लागली होती. आज करू, उद्या करू यात ते राहिलं होतं. आता बाईंनी तो लावला.

मुलाने उचलला, हाका मारल्या, आणि मग तो आवाज आला. बाईंनी मोडक्यातोडक्या इंडोनेशियनमध्ये नाव सांगितलं.

"इबू मादू!" एन्तिन किंचाळलीच. 'इबू' म्हणजे बाई, आणि मधूची मादू तिनेच केली होती. मग दोघी रडल्या, मग हसल्या, मग दोघी एकदम बोलायला लागल्या.

"तुझं घर ग?" बाईंनी शेवटी विचारलं. "जबरदस्तीने घेतलं का?"

"छे! विकलं! चांगला भाव आला. तालुक्याला पक्कं घर बांधलं, नळाला पाणी आहे, थोरल्याने दुकान टाकलंय. तो ओढा दर वर्षी चुलीपर्यंत यायचा, विसरलीस? सुटले बाई त्यातून."

ज्या गावासाठी सतरा वर्षं उसासे टाकले, त्यातून ही बया सुटून बसली होती! पण आवाज इतका खुशीत होता की राग धरवेना. ठीक आहे, तालुका तर तालुका. एन्तिन आहे ना, मग झालं.

"आणि एमा?"

"गेली ग. चार वर्षं झाली. शेवटी शेवटी तुझाच ध्यास घेतला होता. 'माझ्या हातची ती पोर केवढी झाली असेल, एकदा आणा' म्हणायची. मी समजावलं, आई, भारत केवढा लांब, मधे समुद्र, कशी येणार ती? मग तिलाही पटलं. म्हणाली, हो, लांबच आहे."

चार वर्षं. चार वर्षांपूर्वी त्या बिशानलाच होत्या. दर सुट्टीत पुण्याला जायचं असे, मग अवनीच्या परीक्षा, मग यांच्या कारखान्याचं शटडाऊन. त्याच वर्षी तर चौघा मित्रांबरोबर बालीला जाऊन आले, समुद्रावर फोटो काढून आले. चिसालामला काय, केव्हाही जाता येईल, हाताशी तर आहे, असं म्हणत सात वर्षं गेली होती.

"तू कुठून बोलतेस?" एन्तिनने विचारलं.

उभ्या जन्मात बाईंनी कुणाची भीड धरली नव्हती. मनात ते ओठांवर, अशी ख्याती. पण आज 'सिंगापूर' म्हणवेना.

"भारतातून," त्या म्हणाल्या.

"तेच तर! आईला मी खोटं नाही सांगितलं."

हेमचंद्र बुकिंगचा कागद हलवत बाहेर आले. बायकोच्या गालांवरून पाणी वाहतंय हे पाहून त्यांनी कागदाची घडी घातली आणि बाजूला उभे राहिले.

"एन्तिन, मी येते," बाई कशाबशा म्हणाल्या. "अवनीला घेऊन येते. येत्या शनिवारी."

"शनिवारी? एवढ्या लांबून?" एन्तिन घाबरलीच. "वेडी का तू? केवढा प्रवास तो, या वयात झेपायला नको? सावकाश ये ग. आता घाई करून काय, एमा तर गेली."