एका नारळाचं गाऱ्हाणं

सीताकाकीला हल्ली भलत्या वेळी झोप लागायची. चुलीवर पेज ठेवली की डोळा लागला, बोंडापासून काजूची बी पिरगळता पिरगळता डोळा लागला. आणि रात्री पाठ टेकली की टक्क जागी. याला झोप म्हणायचं की आणखी काही, ते देवालाच माहीत. कारण डोळा लागला रे लागला की ती तिकडे पोचायची, त्या शहरात, जिथे तिची गौरजा होती.

शहराचं नाव तिला कधी नीट घेता आलं नाही. टीव्हीवालेसुद्धा दर वेळी वेगळंच घ्यायचे, मग सीताकाकीला कशाला हसायचं? गौरजा तिथे बाळंतपणाच्या इस्पितळात नर्स होती. बरं चाललं होतं. आणि एके दिवशी त्या देशातल्याच दोन फौजा शहरात घुसून एकमेकींवर तुटून पडल्या. मेल्यांना लढायचंच होतं, तर एवढं मोठं वाळवंट काय कमी पडलं होतं? पण नाही, यांना बाजारपेठ हवी, लोकांची दारं हवीत, शाळेची गच्ची हवी!

गौरजाने आणि तिथल्या इद्रिस नावाच्या म्हाताऱ्या वॉचमनने चादरी एकमेकींना शिवल्या, त्यांवर तांबड्या रंगाने इस्पितळाची मोठी खूण काढली आणि त्या गच्चीवर पसरल्या, खूण विमानातल्या माणसाला दिसावी म्हणून. खाली तळघरात बाळंतिणी, त्यांची पोरं आणि आसऱ्याला आलेले शेजारी. फोन लागला की गौरजा एकेकाची खबर द्यायची. हवा नावाच्या पोरीचे दिवस भरलेत, मरियमची जुळी दूध ओढत नाहीत, इद्रिस खोकतोय. सीताकाकीने त्यांतल्या कुणाला पाहिलं नव्हतं, पण शेजारच्या वाडीतली असावीत तशी ती माणसं तिच्या तोंडी बसली होती.

"आई, काल बंदूकवाले इल्ले," गौरजाने एकदा सांगितलं.

"अगो बाय माझे! मगे?"

"मी दारात आडवी रवलंय. म्हटलंय, आमच्या गावात देवळात शिरताना चपला भायर काढतत. हंय बाळंतिणी आसत. तुमचो माणूस दुखावलो आसा तर आणा, मी बघतंय. पण बंदुको भायर."

"मेले, तुका काय भय बीय आसा काय नाय!"

"हसले. पण ठेवल्यानी गो. भितीक लावन ठेवल्यानी, तेंच्यातल्या एका पोराचो दुखावलेलो हात बांधून घेतल्यानी आणि गेले."

हे ऐकून सीताकाकीला अभिमानाने रडू आलं. दिवसभर ती घरात भिंतीला टेकवलेल्या वस्तूंकडे बघत राहिली. केरसुणी, फळी, गंगारामची काठी, सगळ्यांच्या बंदुका होत होत्या.

आणि काल तो फोन आला. गौरजाचा आवाज खोल विहिरीतून यावा तसा येत होता.

"आई, उद्या दुपारी थोडो वेळ गोळीबार थांबवतले. भायरच्या देशातल्या लोकांसाठी बस येतली. माझा नाव आसा तेच्यात. पण हवा आज-उद्याच बाळंत होतली. हंयच्या माणसांका बसमधी घेणत नाय, आणि दुसरी नर्स परवाच निघान गेली. माझा डोक्या चलना नाय गो. तू सांग. तू ये म्हटलंस तर डोळे मिटून येतंय. उद्या बस इली की फोन करतंय."

सीताकाकीने 'ये' म्हणायला तोंड उघडलं आणि फोन तुटला. पुन्हा काही लागला नाही.

"हेच्यात विचारूचा काय आसा?" तिचा नवरा गंगाराम कडाडला. एरवी दिवसभरात चार शब्द बोलेल तर शपथ! "उद्या फोन इलो की पयलो शब्द 'ये'. बाकीचा मगे. आणि नारळ घेवन देवळात जा. गाऱ्हाणा घाल, पोर सुखरूप घराक येवंदे म्हणान."

सकाळी उठून त्याने गौरजाची खोली स्वतःच्या हाताने झाडली. मच्छरदाणी बांधली. उशी उन्हात टाकली. सीताकाकीलाही तेच हवं होतं, अगदी तेच.

जेवणं झाल्यावर ती नारळ पदराखाली आणि फोन मुठीत घेऊन निघाली. मळ्यात ऊन नुसतं थरथरत होतं. रवळनाथाच्या देवळात मात्र गार. गाऱ्हाणं घालणारे विश्रामकाका आंघोळीला गेले होते. सीताकाकी सभामंडपातल्या खांबाला टेकली, फरशीचा गारवा पाठीत शिरला आणि तिचा डोळा लागला.

मळ्याच्या मेरेवरून, त्या अरुंद बांधावरून, गौरजा येत होती. पांढरे कपडे, डोक्यावर बोचकं. मेरेच्या दोन्ही बाजूंना जळकी, उंच घरं उभी होती आणि त्यांच्यामधल्या पाण्यात बगळे चालत होते. गौरजाच्या मागे बायका, पोटाखाली हात धरून चालणाऱ्या, कडेवर पोरं घेतलेल्या. इद्रिस ती तांबड्या खुणेची चादर फरफटत आणत होता. आणि सगळ्यांच्या पुढे घुंगरांची काठी आपटत गावचा राखणदार, शीव राखणारं दैवत. राखणदार कधी गावची शीव सोडून पाऊल टाकत नाही, हे पोरासोरांना ठाऊक आहे. पण तो गेला होता खरा कुठेतरी, अंगावर धूळ होती त्याच्या.

व्हाळापाशी सगळे थांबले. हा ओढा म्हणजे गावची शीव. अलीकडे सीताकाकी, पलीकडे ती माणसं.

"ये गो!" सीताकाकी ओरडली.

गौरजाने व्हाळावरून उडी मारली आणि अलीकडे आली. मागची माणसं पलीकडेच राहिली. कुणी रडलं नाही, कुणी हाक मारली नाही. पोटाखाली हात धरलेली ती हवा नुसती सीताकाकीकडे बघत राहिली. मग घुंगरं वाजेनाशी झाली, आणि बायका एकेक करून दिसेनाशा होऊ लागल्या, पाण्यात मीठ विरघळावं तशा. गौरजा आईच्या अंगाला बिलगली होती, पण तिची मान मागे वळलेली होती आणि ती काही केल्या पुढे वळेना.

"सीते, उठ गो. खंय पोचलंस?" विश्रामकाका ओलेत्याने समोर उभे होते. देवळात आता वाडीतली बरीच माणसं जमली होती. गौरजासाठी गाऱ्हाणं आहे म्हटल्यावर कोण घरी बसणार?

विश्रामकाकांनी नारळ देवापुढे ठेवला. "काय सांगू देवाक? एका नारळाक एकच गाऱ्हाणा, माझो नेम तुका ठावक आसा."

आता तुम्ही म्हणाल, एवढंच ना, मग दोन नारळ न्यायचे. अहो, पण दोन नारळांनी काय होणार होतं? एक गाऱ्हाणं दुसऱ्याला खात होतं. पोर आली तर त्या बायका उघड्या पडत होत्या, आणि त्यांना सांभाळायचं तर पोर येत नव्हती.

'माझी लेक घराक येवंदे' हे शब्द सीताकाकीच्या जिभेवर तयार होते. सबंध रात्र तिने ते घोकले होते. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, "त्या तळघरात जी माणसा आसत, तेंका सगळ्यांका सांभाळ म्हणान सांगा."

"म्हणजे गौरजाक."

"गौरजाक पण. हवाक, मरियमक, तिच्या जुळ्यांक, इद्रिस म्हाताऱ्याक."

विश्रामकाकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे खंयचे गो? देवाची राखण शीवेच्या आत. देव विचारतलो, ही कोणाच्या घरची माणसा, तर मी काय सांगू?"

"माझ्या घरची म्हणान सांगा." सीताकाकीचा आवाज चढला. "गणपतीक इल्ली तेव्हा माझी पोर बॅग भरून उकडो तांदूळ घेवन गेली. थंयसरलो बाजार बंद झालो तशी ती माणसा तेचीच पेज पितत. ह्या देवाच्या मळ्यातलो दाणो तेंच्या पोटात आसा. आता तुमीच सांगा काका, ती शीवेभायरची कशी?"

विश्रामकाका म्हणजे असामी साधी नव्हे. बांधाच्या भांडणात वकिलाला गप्प केलेला माणूस. पण त्यांनी एकदा सीताकाकीकडे बघितलं, एकदा देवाकडे, आणि हात जोडून आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी माणसं म्हणाली.

"आज ही सीता तुझ्या पायाकडे इली आसा. तिच्या घरची माणसा, गौरजा, हवा, मऱ्या..."

"मरियम," सीताकाकी पुटपुटली.

"...मरियम, तिची दोन पोरा, इद्रिस म्हातारो आणि जी कोण तेंच्या आसऱ्याक इली आसत ती, दूर मुलखात तळघरात बसली आसत. वरसून आग पडता, रस्त्यार बंदुको फिरतत. तेंच्या केसाक धक्को लागूक दिव नको. जो कोण हत्यार घेवन येतलो, तेका दारातच बुद्धी दी. आणि तुझ्या राखणदाराक शीव वलांडूची लागली तर वलांडूक दी. तेचो दोष ह्या गावान आपल्यार घेतल्यान आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी एक आवाज सगळ्यांच्या वर चढला आणि मध्येच फाटला. सीताकाकीने वळून बघितलं. गंगाराम पायरीवर उभा होता. केव्हा आला होता कुणास ठाऊक. सगळं ऐकलेलं होतं त्याने, आणि पोराने रडावं तसा तो उघड उघड रडत होता.

तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला.

"आई, बस दारात आसा. लवकर सांग."

"बाय, देवाक गाऱ्हाणा घातला. सगळ्यांचा घातला. हवाचा, मरियमचा, सगळ्यांचा."

पलीकडे कुणाचं तरी बाळ रडत होतं.

"हवाचा बाळंतपण आवरल्याशिवाय कसा येतलंस, बाय?" सीताकाकी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"बरां," गौरजा म्हणाली. मग अगदी बारीक आवाजात, लहानपणी ताप चढला की बोलायची तशी म्हणाली, "आई, माका वाटलेला तू ये म्हणतलंस."

"माका पण तसाच वाटलेला गो."

बसचा हॉर्न वाजला. फोनमध्ये तो आधी कानठळ्या बसतील एवढा मोठा आला, मग रस्त्यावर, मग कुठल्यातरी वळणापलीकडे. तो ऐकू येईनासा झाल्यावरही किती तरी वेळ दोघींपैकी कुणी फोन ठेवला नाही.