रिझर्व्हवर अडकलेला कॉक

मित्रांनो, मोटारसायकलच्या टाकीखाली, स्वाराच्या डाव्या गुडघ्यापाशी बसलेला मी एक जुना पितळी कॉक आहे. कौतुक सगळं चकचकीत टाकीचं. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही!

लोकांना वाटतं, रिझर्व्हचं पेट्रोल वेगळ्या डब्यात असतं. छे हो! टाकी एकच, खोगिरासारखी दोन्ही बाजूंना उतरलेली. तिच्यातून पेट्रोल घेण्याच्या माझ्या वाटा मात्र दोन : एक उंच नळी, दुसरं तळाशी भोक. माझी दांडी सरळ असली की पेट्रोल नळीतून उतरतं. ते नळीच्या तोंडाखाली गेलं की इंजिन आचके देऊ लागतं. मग दांडी फिरवून रिझर्व्हवर घ्यायची. तळाचं भोक उघडतं आणि उरलेल्या पेट्रोलवर पंप गाठता येतो. टाकी भरली की दांडी पुन्हा सरळ करायची, विसरायचं नाही.

आमचे मालक रुपराव लकडगंजच्या आरा गिरणीत मुकादम होते. एकदा भर बाजारात गाडीनं आचके दिले आणि हमाल फिदीफिदी हसले. रुपराव भडकले. "कायले पाहिजे ही कटकट!" म्हणत त्यांनी मला कायमचं रिझर्व्हवर टाकलं. तेव्हापासून पेट्रोल संपत आल्याचा इशारा देणारं माझं तोंडच बंद झालं. फार राग यायचा मला.

१९७४ साली त्यांच्या लेकीला, प्रेमिलाला, भिवापूरच्या शाळेतून शिक्षिकेच्या नोकरीसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. अकराच्या आत हजर राहायचं होतं. घरातली ती पहिलीच शिकलेली. "जयभीम म्हणून आत जाजो," असं आईनं, वच्छलाबाईंनी, बजावलं आणि बापलेक निघाले.

उमरेड मागे पडलं. भिवापूर दोन कोसांवर असताना गाडी एकदम गप्प झाली. रुपरावांनी दहा किका मारल्या.

"पेट्रोल खतम झालं वं."

"मंग रिझर्व्हवर घ्या ना, बाबा."

"रिझर्व्हवरच होती," रुपराव खाली मान घालून म्हणाले.

साडेदहा झाले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मला रडू फुटायचं बाकी होतं! प्रेमिलानं मात्र डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही. तिनं गाडी गदागदा हलवली. टाकीच्या उजव्या पोटात चुळुक वाजलं.

"पेट्रोल तिकडं अडकलं, बाबा. गाडी डावीकडं आडवी पाडा."

"डोकं फिरलं काय तुझं?"

"पाडा म्हणते ना!"

दोघांनी गाडी जमिनीला टेकवली. टाकीच्या मधल्या उंचवट्यावरून पेट्रोल घळघळ माझ्या बाजूला आलं. गाडी उभी करून रुपरावांनी किक मारली आणि मी थेंबन् थेंब खाली सोडला. शाळा दिसली आणि तो साठाही संपला. प्रेमिला पदर खोचून जी धावली, ती थेट मुलाखतीच्या खोलीत!

रुपरावांनी गाडी ढकलत पंपावर नेली, टाकी भरली आणि शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. तासाभरानं ती बाहेर आली.

"सोमवारपासून ये म्हणाले, बाबा!"

रुपरावांनी डोळे पुसले आणि घाईघाईनं किक मारायला पाय उचलला. तिनं त्यांना थांबवलं, वाकून माझी दांडी स्वतःच्या हातानं सरळ केली.

"आचके देते तर देऊ द्या. सांगते तरी बिचारा."

मित्रांनो, वेळेवर सांगणाऱ्याचं तोंड बंद करू नका. हसणारे हमाल घरी निघून जातात. रस्त्यात अडकते ती आपली लेक.