सोडलाय

"चढा भाऊजी. चार नंबर सोडलाय."

"नक्की ना? तुमच्या बहिणीला मी एकच नवरा आहे."

"म्हणून तर जपतोय!"

फोनवर दोघेही हसले. ऑपरेटर उपकेंद्रात होता आणि बहिणीचा नवरा, लाइनमन, खांबाच्या पायथ्याशी. विजेचा तुटवडा सुरू झाल्यापासून शहरातला एकेक भाग आळीपाळीने बंद ठेवावा लागे. दुरुस्तीसाठी आणखी वीज तोडायला वरून परवानगी मिळत नसे, म्हणून लाइनमन भारनियमनाच्या वेळेतच खांबावर चढत. वीज नाहीतरी बंदच, असं म्हणत म्हणत स्विचवर धोक्याची पाटी लावायची सवय सगळ्यांचीच सुटली होती.

पाळी बदलली. नवा ऑपरेटर दुसऱ्या उपकेंद्रातून नुकताच बदलून आला होता.

"चार सोडलाय. लक्ष असू दे," घरी निघालेल्या जुन्या ऑपरेटरने पिशवी उचलत सांगितलं.

"निघा हो तुम्ही. मी आहे ना."

या उपकेंद्रात 'सोडला' म्हणजे बंद केला, भार सोडला. नव्या माणसाच्या जुन्या जागी मात्र नळाला पाणी सोडावं तशी वीज सोडत असत.

ऑपरेटर वाटेत बहिणीकडे डोकावला. तिचं घर चार नंबरच्या लाइनवरच होतं. ती दारातच म्हणाली, "दादा, आज तुझी लाइट लवकर आली की रे! बस, पंख्याखाली बस."

पंखा गरगरत होता. तो बसला नाही. त्याने मेव्हण्याला फोन लावला. घंटी वाजत राहिली.

"खांबावर असतील. वर असले की कुठे उचलतात?" बहीण म्हणाली.

त्याने उपकेंद्राला फोन लावला. "चार नंबरचं काय केलंस?"

"तुम्ही सोडलाय म्हणालात, पण स्विच तर पडलेला होता. मी टाकला की वर."

"बंद कर. आत्ता. काय म्हणालो सांग."

"बंद. केला... का हो?"

डोक्यावरचा पंखा मंदावला. एकेक पातं वेगळं दिसू लागलं.

"गेली! तुम्हा लोकांना बघवतच नाही," बहीण हसली आणि खिडकी उघडायला आत गेली.

त्याने पुन्हा मेव्हण्याचा नंबर लावला. घंटी वाजत होती. ती बंद पडेपर्यंत तो फोन कानाला धरून उभा राहिला, मग त्याने परत लावला.