मीठ लावलेला बर्फ

वसईजवळच्या होळी गावात, आमच्या वाडीत, विहिरीच्या पलीकडे, केळींना लागून एक गाडी उभी असायची. एक जर्मन जोडपं ती चालवत थेट त्यांच्या देशातून इथवर आलं होतं. वालीवला माझ्या नवऱ्याचा, बेसिलचा, चुलतभाऊ रुडॉल्फ याचं गॅरेज होतं. तिथे गाडीचं इंजिन उघडलं आणि लागणारा भाग काही मुंबईत मिळेना. शेवटी ती दोघं विमानानं परत गेली. भाग घेऊन येतो, तोवर सांभाळ आणि आतलं काय हवं ते वापर, असं रुडॉल्फला सांगून गेली. गॅरेजात जागा नव्हती म्हणून त्यानं ती ओढत आणून आमच्याकडे लावली. हे १९७७ सालचं.

गाडीत अख्खा संसार होता. झोपायला बाकं, घडीचं टेबल, दोन चुलींची शेगडी, आणि शेगडीखाली एक बुटका फ्रिज. तो गॅसच्या सिलिंडरवर चालायचा. आत ज्योत जळते आणि वर बर्फ होतो, हे माझ्या सासूबाईंना, मटिल्डाबाईंना, शेवटपर्यंत पटलं नाही. "सैतानाची करणी," म्हणायच्या आणि क्रूस काढायच्या. फ्रिज जरा कलला तरी थंड होत नसे. म्हणून रुडॉल्फनं चाकांखाली विटा सारून, गवंड्याची पाणसळ ठेवून गाडी सरळ केली होती.

एवढी खटपट केली ती क्लारासाठी. क्लारा माझी नणंद, सतरा वर्षांची. चौदाव्या वर्षी तिला मधुमेह निघाला. रोज सकाळी काचेची सिरिंज उकळायची आणि मांडीत इन्सुलिन टोचून घ्यायचं. इन्सुलिनच्या बाटल्या बेसिल महिन्यातून एकदा मुंबईहून आणायचा. त्या थंड ठेवाव्या लागत आणि आमच्या आळीत कुणाकडेच फ्रिज नव्हता. आधी आम्ही ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवायचो. पण मे महिन्यात मडक्याचाही भरवसा नसतो. गोऱ्यांचा फ्रिज मिळाला तेव्हा सासूबाईंनी सैतानाला माफ करून देवळात मेणबत्ती लावली.

लघवीत साखर आहे का, ते क्लारा स्वतः तपासायची. काचनळीत निळं औषध, त्यात थेंब टाकायचे आणि स्टोव्हवर धरायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. विटकरी झालं तर खूप.

"आज समुद्र!" निळं आलं की ती स्वयंपाकघरातून ओरडायची. विटकरी आलं तर म्हणायची, "आज भिंत बांधा, वहिनी." बारावीची परीक्षा देऊन बसली होती. निकाल लागला की तिला नर्स व्हायचं होतं.

१९७८ च्या मे महिन्यात फ्रिजच्या वरच्या कप्प्यात बर्फ इतका साचला की त्याचं दार लागेना. खाली थंडावा उतरेना. रुडॉल्फ येऊन बघून गेला.

"वहिनी, ज्योत बंद करा, दार उघडं ठेवा, आत गरम पाण्याचा टोप ठेवा. बर्फ आपोआप सुटेल. सुरी लावायची नाही हां. कोयता तर नकोच. आतली नळी फुटली तर गोरा येऊन मला जर्मनीला ओढत नेईल."

"नेऊ दे की. तिकडे रोज आंघोळ तरी करशील," मी म्हटलं.

दोन दिवसांनी शेजारच्या दयारामभाऊंच्या मुलीचं, नर्मदाचं, लग्न होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी घरची सगळी माणसं मांडवाच्या मदतीला गेलेली. मी म्हटलं, आजच हे काम उरकून टाकावं. आठ वाजता ज्योत बंद केली. क्लाराच्या तीन बाटल्या होत्या, महिन्याभराच्या. त्या दुपारपर्यंत कुठे ठेवायच्या? ऊन मी म्हणत होतं. लग्नघरी आइस्क्रीमच्या संच्यासाठी वसईहून भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी आली होती. तिचा एक मोठा तुकडा मी मागून आणला. डब्यात बाटल्या ठेवल्या, झाकण लावलं, बादलीत भोवती बर्फ भरला, आणि त्यावर ओंजळ ओंजळ जाडं मीठ टाकलं.

माझं माहेर मिठागरांच्या बाजूचं. वडील मिठागरावर मुकादम. आमच्याकडे बर्फाला मीठ लावतात हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत. मासळीच्या टोपलीत असो की आइस्क्रीमच्या संच्यात, मीठ टाकलं की बर्फ चावरा होतो, आणखी गार पडतो. सासरी हे कुणाला सुचलं नसतं. मनातल्या मनात मी स्वतःवर खूष होते.

फ्रिजचं काम मात्र रुडॉल्फनं सांगितलं तस्संच केलं. तीन वेळा पाणी बदललं. बर्फ पापुद्र्यासारखा सुटून हातात आला. सोड्याच्या पाण्यानं आतून पुसलं, कोरडं केलं. दोन वाजता ज्योत पेटवली आणि डबा उघडला.

बाटल्या पांढऱ्या पडल्या होत्या. आतलं औषध दगड झालं होतं.

मला काळजी वाटली नाही, हे खरं तेच लिहिते. थंडीत आमचं खोबरेल बाटलीत गोठतं. उन्हात ठेवलं की होतं तसं होतं, वासही बदलत नाही. मी बाटल्या पदरात धरून बसले. पातळ झाल्या तशा फ्रिजमध्ये ठेवून दिल्या आणि कुणाला काही बोलले नाही. सांगण्यासारखं काही घडलंय असं वाटलंच नाही.

लग्नाच्या सकाळी क्लारानं बाटली उजेडात धरली. "वहिनी, हे आज वेगळं दिसतंय. कण आहेत आत."

तेव्हा मात्र मला आठवलं. सासूबाई तिथेच वेणी घालत होत्या. गोऱ्यांच्या गाडीत माझी लुडबुड त्यांना आधीच खपत नव्हती.

"नवीन बाटली ना, हलव जरा," मी म्हटलं. "उशीर होतोय."

तिनं हलवली आणि टोचून घेतलं.

संध्याकाळी काचनळी विटकरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विटकरी. क्लारा तांब्यावर तांब्या पाणी पीत होती.

"लाडू खाल्लास?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"पानात वाढलेला मी पाहिला."

"तो मी चंद्रकांताच्या पानात टाकला. विचार तिला." चंद्रकांता म्हणजे नवरीची धाकटी बहीण, क्लाराची मैत्रीण.

"ती तुझीच बाजू घेणार. सतरा वर्षांची घोडी झालीस आणि जिभेवर ताबा नाही!"

क्लारानं माझ्याकडे पाहिलं. मी एरवी तिच्या बाजूनं बोलायचे. बाटल्यांची शंका मला तेव्हा आली होती का? आली असावी, नाहीतर मी इतकी चिडले नसते. मी म्हटलं, "मग काय, रंग खोटं बोलतो?"

लग्नघरून आलेले लाडू सासूबाईंनी पेटीत कुलूप लावून ठेवले. क्लारानं त्या दिवशी डोस वाढवून घेतला, त्यानं काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे तिला उलट्या सुरू झाल्या. श्वास खोल, धापा टाकल्यासारखा. तोंडाला कुजलेल्या फळासारखा वास. रुडॉल्फनं टेम्पो आणला आणि तिला त्यात गादीवर निजवून इस्पितळात नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरनं औषध बघायला मागितलं. बेसिल सलाइन आणायला बाहेर धावला होता आणि सासूबाई खाटेशी होत्या. डॉक्टरनं बाटली खिडकीकडे धरून हलवली. काचेला पांढरे कण चिकटून राहिले.

"हे कधी गोठलं होतं का?"

"हो," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. "मग यात काही राहिलं नव्हतं, बाई. दोन दिवस तुम्ही पाणी टोचत होता." त्याला दुसऱ्या खाटेकडून हाक आली आणि तो गेला. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. त्यानंतरची धडपड त्यानं केली, ताजं औषध दिलं, पण उशीर झाला होता.

संध्याकाळी क्लारा थोडा वेळ शुद्धीवर आली. खाटेच्या एका बाजूला सासूबाई रोझरी ओढत होत्या, दुसऱ्या बाजूला मी.

"वहिनी," ती म्हणाली, "मी नाही खाल्ला लाडू."

मला ठाऊक होतं. तिच्याखेरीज त्या खोलीत मला एकटीलाच ठाऊक होतं. सासूबाईंचे ओठ थांबले, त्या ऐकत होत्या.

मी म्हटलं, "बोलू नकोस, बाय. दम लागतो तुला."

तिनं डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता ती गेली.

आळीत सगळ्यांनी तेच धरलं, पोरगी लग्नाच्या लाडवानं गेली. नर्मदा पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा आमच्या दारात बसून हुंदके देऊन रडली, जणू तिनंच तो लाडू भरवला होता. मी तिला पाणी दिलं. जूनमध्ये क्लाराचा निकाल आला. पास झाली होती. ऑक्टोबरात ते जर्मन जोडपं परत आलं. बाईनं फ्रिज उघडून पाहिला. आतून इतका स्वच्छ बघून तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलत राहिली.

सासूबाईंनी गोड सोडलं. नाताळ येवो, कुणाचं लग्न असो, त्यांनी दहा वर्षं साखरेचा कण तोंडात घातला नाही. मी गप्प राहिले. आधी भीतीनं, नंतर सवयीनं.

१९८८ च्या नाताळाआधी आम्ही दोघी नारळाच्या वड्या थापत होतो. माझी सुझान तेव्हा नऊ वर्षांची. तिनं ताटातून एक वडी उचलली, तशी सासूबाईंनी तिच्या हातावर मारलं. "ठेव खाली! तुझी आत्या याच जिभेपायी मेली. चोरून खायची आणि वर खोटं बोलायची."

सुझान रडत बाहेर गेली. मी उलथनं खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. बर्फ, मीठ, बाटल्या, डॉक्टर. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

सासूबाईंनी हातातली वडी ताटात ठेवली. मला वाटलं, आता मारतील, निदान शिव्या देतील.

"जायच्या आधी तिला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मला तिथे बघून?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी हात धुतले, चांगलं लुगडं नेसल्या आणि म्हणाल्या, "चल."

त्या दुपारी त्या मला घेऊन आळीतल्या घराघरात गेल्या. दारात उभं राहून एवढंच म्हणायच्या, "माझ्या क्लारानं लाडू खाल्ला नव्हता. मी तिला खोटं ठरवलं. औषध बिघडलं होतं." कुणी विचारलं कसं बिघडलं, तर म्हणायच्या, "बिघडलं. उन्हाळा होता." दोन घरांच्या मधल्या वाटेवर त्या माझ्या चार पावलं पुढे चालायच्या. काही घरांत तर क्लारा कोण हेच नव्या सुनांना ठाऊक नव्हतं. तिथेही त्यांनी सांगितलं.

शेवटी दयारामभाऊंकडे गेलो. नर्मदा बाळंतपणाला माहेरी आली होती. तिनं ऐकलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. सासूबाई बोलून झाल्यावर जायला वळल्या.

"वहिनी," नर्मदानं मला विचारलं, "तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

सासूबाई पायरीवर थांबल्या, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"तेव्हापासून," मी म्हटलं.